सून देणे आहे

विमलताई गौरकार कुठंही गेल्या की आधी माणसं मोजत. लग्न असो, बारसं असो की मयत, दारात उभं राहून हातातलं पेन एकेकाकडं रोखत, ओठातल्या ओठात पुटपुटत आणि शेवटी आकडा मोठ्यानं जाहीर करत. एसटीत वाहक म्हणून उभं आयुष्य वणी–पांढरकवडा–यवतमाळ या रस्त्यावर गेलेलं. नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. एकदा आमच्या गल्लीतल्या भंडाऱ्यात पहिली पंगत बसायच्या आत त्यांनी सांगितलं, "मानसं बासष्ट हायेत, पत्रावळी साठच टाकल्या." यजमानांना राग आला. त्यांनी पत्रावळी मोजायला लावल्या, तर त्या साठच निघाल्या.

त्यांची वाक्यंही बसमधूनच आलेली असत. "बिनतिकिटाचा मानूस आधी खिडकीभायेर पाह्यते," हे त्यांचं सर्वात लाडकं. पुढाऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणाचीही पारख त्या याच कसोटीवर करत. प्रश्न विचारल्यावर ज्याची नजर खिडकीकडं गेली, तो त्यांच्या लेखी संपला. मी स्वतः दोनदा संपले होते.

मी तेव्हा वणीला अशफाकभाईंच्या केबलच्या ऑफिसात होते. काम एकच: फोन आला की रजिस्टर उघडायचं आणि नाव, पत्ता, तक्रार अशा तीन रकान्यांत लिहून घ्यायचं. कोळशाच्या ट्रकांमुळं टेबलावर रोज काळा थर बसायचा आणि लोकांच्या शिव्यांमुळं माझ्या डोक्यावर. बाकी गाव फोन करी. विमलताई स्वतः चालत येत.

"चित्र हालून राह्यलं."

"कधीपासून?"

"कधीपासून कायले इचारून राह्यली? आज हालते ना? आज दुरुस्त कर. सारं गाव बिल भरते अन् भूत पाह्यते!"

आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला हातातली किटली खाली ठेवून बघायला लागला. आतल्या खोलीतून अशफाकभाई धावत बाहेर आले. मला वाटलं, माफी मागतील. ते विमलताईंकडं बघतच राहिले. केबलवर आमचा एक गावातला चॅनल होता. त्यावर शाळांची स्नेहसंमेलनं, मिरवणुका आणि साड्यांच्या सेलच्या जाहिराती दाखवायचो. अशफाकभाईंच्या डोक्यात गेलं वर्षभर एक खूळ होतं, वणीची स्वतःची हसवणारी कौटुंबिक मालिका काढायची. कॅमेरा होता, लग्नांचं शूटिंग करणारा पिंटू होता, फक्त सासू मिळत नव्हती.

"ताई, टीव्हीवर काम करता का?" त्यांनी विचारलं.

विमलताईंनी क्षणभरही विचार केला नाही. जणू हाच प्रश्न ऐकायला त्या घरून निघाल्या होत्या. "करतो," त्या म्हणाल्या. "पन कथा माही राहीन. अन् सुनेचं काम माही सूनच करीन."

त्यांची सून म्हणजे प्रतिभा. वय सव्वीस, घरी शिलाई मशीन, फॉल-पिकोची कामं. विमलताईंचा एकुलता एक मुलगा सुनील दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. प्रतिभाच्या भावांनी तेराव्यापर्यंत धीर धरला आणि मग फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून सासू-सून दोघीच. घरात सुनीलचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता. "हार घातला का मानूस तिथंच अडकते," असं त्या म्हणत. अडकायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो मेलेल्या मुलापेक्षा जित्या सुनेसाठी जास्त होता.

विमलताई स्वतः तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, पुढं त्याच्या जागी यांना नोकरी लागली. त्याबद्दल त्या कुरकुरत नसत. एकच सल होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. "संध्या, माह्या सासरी पंधरा मानसं होते, माहेरी अकरा. सव्वीस मानसांतून एकानंबी इचारलं नाही का विमल, तुले पुढं काय करा लागते. लुगडं कोन्त्या रंगाचं घालाचं थेबी त्याइनंच ठरवलं." म्हणून त्यांनी ठरवलं होतं की प्रतिभाचं दुसरं लग्न लावायचं. आमच्याकडं दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात आणि पाट लावतात तो दिवस मावळल्यावर, चार माणसांत, काही चोरल्यासारखा. विमलताईंना तो भर दुपारी बारा वाजता पाहिजे होता आणि बँड लावून.

वर्षभर त्यांनी गुपचूप स्थळं पाहिली होती. "गुपचूप पाह्यलं तर गुपचूपच मानसं येतेत," त्या म्हणाल्या. "एकाची पह्यली बायको जित्ती निंगाली. आता मी उघडं पाह्यतो." आणि उघडं पाहायला टीव्हीपेक्षा उघडी जागा कोणती?

मालिकेचं नाव त्यांनीच ठेवलं, 'सून देणे आहे'. घर त्यांचंच, भांडी त्यांचीच, कुटुंबात माणसं दोन, सासू आणि सून. टीव्हीवरच्या कुटुंबात आजवर निदान एक तरी पुरुष असायचा, इथं तो दर आठवड्याला नवा यायचा आणि नापास होऊन जायचा. प्रत्येक भागात एक मुलगा 'दाखवायला' येई. पोहे मुलीनं न आणता मुलानं करायचे, आणि सासू खाटेवर बसून त्याला विचारणार, "तेल कोन्त्या डब्यात ठेवतेत घरी? माईत नाही? चाला मंग." शिंपी, पोस्टमन, निवृत्त ड्रायव्हर असे गावातलेच लोक मुलं झाले. संवाद मी लिहायचे, कारण ऑफिसात माझंच अक्षर वाचता येत होतं. अर्थात विमलताई माझं एकही वाक्य जसंच्या तसं बोलल्या नाहीत. शूटिंगही त्याच चालवत. त्यांनी तोंडानं डबल बेल दिली की पिंटू कॅमेरा सुरू करी, सिंगल बेल दिली की बंद.

प्रतिभाला वाक्यं फार नसत. "हो आई" आणि "पाणी आणतो" एवढ्यावर तिचे भाग निघून जात. मी एकदा तिला विचारलं, तुला हे आवडतं का? ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "दोन वर्षांत आई पह्यल्यांदा हासून राह्यल्या. हासू द्या." सासूचा खरा बेत तिला ठाऊक नव्हता. मला होता. ही गोष्ट पुढं मला बोचणार होती.

तिसरा भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"चित्र गेलं का?" मी सवयीनं विचारलं.

"चित्र बराबर हाये जी. थे सून देनं हाये म्हनून राह्यले ना तुम्ही? हाये अजून, का देल्ली?"

चूक आमची होती. पडद्यावर वर लाल अक्षरांत नाव यायचं, 'सून देणे आहे', आणि खाली पट्टीवर सतत फिरायचं, 'संपर्क:' आणि आमच्या ऑफिसचा नंबर. जागा भाड्यानं देणे आहे, म्हैस विकणे आहे, अशा जाहिराती आम्ही अगदी तशाच दाखवत होतो. तेव्हा लोकांचं तरी काय चुकलं? पाचव्या भागापर्यंत वणीहूनच नाही, तर मारेगाव आणि पांढरकवड्याहूनही फोन यायला लागले. केबल तिथं पोचत नव्हती, पण पाहुणे पोचत होते. मी रजिस्टरमध्ये नाव लिहायचे, पत्ता लिहायचे आणि तक्रारीच्या रकान्यात 'लग्न' लिहायचे. अशफाकभाईंनी महिनाअखेर रजिस्टर उघडलं तेव्हा त्यांना वाटलं मला ताप आलाय.

सगळेच फोन हसण्यासारखे नव्हते. एका बाईनं नाव सांगितलं नाही. दोनदा फोन लावून ठेवून दिला. मग म्हणाली, "मलेबी एक सून देनं हाये. तुमच्या टीव्हीवर घेता का तिले?" तो फोन मी विमलताईंना सांगितला तेव्हा त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "लिहून ठेव. तिलेबी पाहू." आणि खरोखर, त्या बाईचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणं केलं, तिच्या सुनेसाठी माणूस पाहिला. पण ती वेगळी गोष्ट आहे.

सहाव्या भागानंतर विमलताईंचे चुलत दीर नानाजी ऑफिसात आले. पांढरं धोतर, हातात काठी. विमलताई तिथंच रजिस्टर वाचत बसल्या होत्या, प्रत्येक नावापुढं पेनानं फुली मारत.

"विमल, घरची अब्रू चौकात मांडून राह्यली तू," नानाजी म्हणाले. "पाट लावाचा त लाव, कोन नाही म्हनते? पन लोकं हासून राह्यले."

"हासूच द्या भाऊजी. मी तीस वर्षांची होतो तवा कोनी हासलं नव्हतं. सारे रडतच होते. काय झालं त्यानं?"

नानाजींनी काठी भिंतीला टेकवली. मग खालच्या आवाजात बोलले, आणि मला वाटतं हे ते खरंच काळजीनं बोलले. "अन् उद्या देल्ली तिले, त तू तिची कोन? पोरगा गेला, सूनबी गेली, मंग तुह्या तोंडात पानी कोन टाकीन? तुही पोटची पोर थोडीच हाये थे."

रोज आवाजानं छप्पर उडवणाऱ्या विमलताईंनी नुसतं रजिस्टरचं पान उलटलं. नानाजी गेल्यावर मला म्हणाल्या, "गलत नाही सांगितलं बुढ्यानं. पन म्हनून काय पोरीले बांधून ठेवू? माह्या पान्यासाठी?" त्यानंतर त्या दिवशी त्यांनी एकाही नावावर फुली मारली नाही.

रजिस्टरमधून शेवटी एक नाव उरलं. बोरी अरबचा विलास. पिठाची गिरणी, थोडी शेती, बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, मूल नाही, आई-वडील नाहीत. विमलताई एकट्याच एसटीनं बोरीला जाऊन आल्या. गिरणीत गिऱ्हाईक म्हणून पाच किलो गहू दळून आणले आणि परत आल्यावर मला सांगितलं, "पीठ बारीक हाये. अन् मी इचारलं, बायको कशानं गेली, त मह्याकडं पाहून बोलला. खिडकीकडं नाही."

इथवर सगळं सरळ होतं. पुढं त्यांनी जे ठरवलं ते वाकडं होतं, आणि मी त्याला साथ दिली. नवव्या भागातला मुलगा म्हणून त्यांनी विलासलाच आणायचं ठरवलं. प्रतिभाला सांगायचं, हा बोरीचा कलाकार आहे. दोघांनी एकमेकांना बघावं, बोलावं, आणि मालिकेतल्या सुनेनं 'हो आई' म्हटलं की खऱ्या सुनेचाही होकार समजायचा. "सरळ इचारलं त थे नाहीच म्हनीन," विमलताई म्हणाल्या, "मले सोडून जाची नाही म्हनून." तो भाग मी लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'हो आई.'

शूटिंगला विलास इस्त्रीचा सदरा घालून आला. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि प्रतिभालाही ठाऊक आहे असं त्याला सांगितलं होतं. स्टोव्हपाशी उभं राहून तो पोहे परतत होता. मोहरी नीट तडतडू दिली, घाई केली नाही. विमलताईंनी विचारलं, "तेल कोन्त्या डब्यात ठेवता घरी?"

"पितळेच्या. तिचा होता. मी बदलला नाही," तो म्हणाला.

हे माझ्या वहीत नव्हतं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली प्रतिभा दारातच थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"आई, हे कलाकार नाहीत," ती म्हणाली.

कॅमेरा चालू होता. पिंटूला सिंगल बेल मिळाली नव्हती, त्यामुळं तो बिचारा चालवतच राहिला.

"तुम्ही शिंप्याले इचारलं, पोस्टमनले इचारलं. साऱ्या गावाचे फोन घेतले. बोरीले जाऊन ह्याइले इचारलं असन. मले कधी इचारलं आई?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमाले कोनी इचारलं नाही म्हनून तुम्ही एवढ्या रडता. अन् तुम्हीबी थेच केलं."

मी विमलताईंना त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं पाहिलं नाही. त्या खाटेवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. स्टोव्हवरचे पोहे करपायला लागले आणि त्यांचा वास घरभर झाला. विलासनं स्टोव्ह बंद केला आणि हात जोडून प्रतिभाला म्हणाला, "मले वाटलं तुमाले माईत हाये. मी चाललो. मनात नका ठेवू."

"थांबा," विमलताई म्हणाल्या. मग सुनेकडं वळल्या. "चुकलं मह्यं. माफ कर. आता इचारतो. प्रतिभा, तुले काय करा लागते?"

प्रतिभानं तांब्या खाली ठेवला. "आठ दिवस पाह्यजे. मी बोलीन ह्याइच्यासंग. मह्या फोनवर. संध्याताईच्या कंप्लेंटच्या फोनवर नाही."

विलास हसला. मग प्रतिभाही थोडी हसली, आणि आम्ही सगळे करपलेले पोहे खाऊन घरी गेलो.

हा भाग दाखवायचा की नाही, हे अशफाकभाईंनी प्रतिभालाच विचारलं. आता सगळे तिला विचारूनच पाऊल टाकत होते. ती म्हणाली, "दाखवा. इथपरेंत दाखवलं, आता तोंड कायले लपवाचं?" त्यानंतरचे आठ दिवस माझा फोन थांबला नाही. चित्र हलतंय, आवाज नाही, असली एकही तक्रार नव्हती. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "पोरगी काय म्हनली मंग?" नानाजींनीही कुणाच्या तरी नातवाकडून फोन लावला आणि आवाज बदलून हेच विचारलं. मी लगेच ओळखलं.

नवव्या दिवशी सकाळी विमलताई ऑफिसच्या पायरीवर उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "हो म्हनली." आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागल्या. आनंदानं की कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मालिका तिथंच संपली. नऊ भागांत एखादी मालिका आपलं काम उरकून बंद पडते, असं दुसरीकडं कुठं झालं असेल तर मला ठाऊक नाही. अशफाकभाई म्हणत होते, दहावा काढू. विमलताई म्हणाल्या, "आता देनं नाही काही."

लग्न दुपारी बारा वाजताच लागलं. बँड होता, ऊन असं की वाजवणाऱ्यांना पिपाणी हातात धरवेना. विमलताईंनी दारात उभं राहून माणसं मोजली, आणि मोजता मोजता दोनदा चुकल्या. नानाजी आले, अक्षता टाकल्या, जेवले आणि बासुंदीला नावं ठेवून गेले. पाठवणीच्या वेळी प्रतिभा सासूच्या गळ्यात पडली आणि सुटेचना. बायका कुजबुजत होत्या, सासरहून सासरी निघालेल्या पोरीला निरोप कोणत्या नात्यानं द्यायचा? जीप गेल्यावर विमलताई रिकाम्या मांडवात खुर्च्या आवरायला लागल्या. ते काम करायला दुसऱ्या बायका होत्या, तरीही.

पुढचे महिने त्यांना अवघड गेले. चित्र चांगलं असलं तरी त्या ऑफिसात येऊन बसत. प्रतिभाचा फोन रोज येई, पण फोन ठेवल्यावर घर तेवढंच रिकामं राही, हे त्यांनीच मला सांगितलं. "मन लागत नाही संध्या," एवढं सरळ. पुढं लोक मोबाइलवरच सगळं बघायला लागले, केबलची गिऱ्हाइकं गळाली, अशफाकभाईंनी ऑफिस बंद केलं आणि मला यवतमाळला नोकरी लागली.

निघायच्या दिवशी मी पिशव्या घेऊन वणीच्या बसस्टँडवर उभी होते, तर विमलताई दिसल्या. नवीन लुगडं, केस चोपून बसवलेले, हातात पाण्याची बाटली. यवतमाळहून आलेली गाडी लागली आणि दारातून विलास उतरला. त्यानं हात दिला आणि मागून प्रतिभा उतरली, सातवा महिना लागलेली, जपून, एकेक पायरी. विमलताईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, पाणी पाजलं, पदरानं तिचा घाम पुसला, आणि वरून विलासला दोन गोष्टी सुनावल्या, की एवढ्या उन्हाच्या गाडीनं कायले आणलं.

माझी गाडी लागली होती, म्हणून मी लांबूनच हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या ऑटोवाल्याशी बोलत होत्या, आणि त्या आवाजात बोलत होत्या जो रस्त्यापलीकडं ऐकू जायचा.

"हळू चालवजो रे बाप्पा. माही पोरगी पह्यल्या बाळंतपनाले माहेरी आली."

ऑटोवाल्यानं मान हलवली. विमलताई प्रतिभाला आधी बसवून मग स्वतः तिच्या शेजारी बसल्या, आणि ऑटो स्टँडबाहेर पडला.